सोड्याच्या बाटलीला लागलेली हळद

भवानी पेठ, सोलापूर
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप फुलाक्कास धाकट्या चन्नवीरचा शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे धडधाकट आहे. तुझे गुडघे, आपली म्हैस आणि दाजींचा खोकला यांची हालहवाल कळव (हा क्रम दाजींना दाखवू नकोस).

अक्कलकोटहून निघताना तू ट्रंकेत हळदीची पुडी टाकलीस आणि मी तुला हसलो, त्याबद्दल आधी कान पकडतो. गिरणीच्या प्रयोगशाळेत हळदीचं काय काम, असं मी बी.एस्सी.च्या तोऱ्यात म्हणालो होतो. आक्का, त्याच पुडीने माझी नोकरी राखली.

सहा महिन्यांच्या उमेदवारीनंतर रंगखात्याच्या मास्तरांनी माझी परीक्षा नेमकी खंडेनवमीला ठेवली. सोड्याचं प्रमाण द्रावण करायचं होतं. म्हणजे सोडा तापवून कोरडा करायचा, काट्यावर रतीभरही इकडेतिकडे न होता तोलायचा आणि शुद्ध पाण्यात विरघळवून लिटरच्या खुणेपर्यंत बरोबर भरायचा (एक थेंब जास्त झाला की ओतून पहिल्यापासून, मी चार वेळा ओतलं). मास्तर ते तेजाबाशी पडताळून पाहणार, जमलं तर नोकरी कायम, नाहीतर अक्कलकोटचं तिकीट. आदल्या संध्याकाळी पाचव्यांदा जमलं. सोड्याची आणि तेजाबाची बाटली फळीवर शेजारी शेजारी ठेवून मी घरी आलो.

नवमीला सकाळी पाहतो तर आमचा शिपाई निंगप्पा याने पूजेसाठी सगळं लख्ख धुतलेलं, आणि त्यात बाटल्यांवरच्या चिठ्ठ्याही वाहून गेलेल्या. दोन्हींत सारखंच नितळ पाणी. तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी चिठ्ठ्या कुठे म्हणून विचारलं, मी निंगप्पाकडे बोट केलं, आणि पुन्हा असं झालं तर बॉयलरवर कोळसा ओढायला पाठवीन अशी तंबी त्याला मिळाली. तेजाब कुठलं हे सांगणारा लिटमस कागद माझ्याच खणात होता, पण तो मला संध्याकाळी आठवला. त्या वेळी मी नुसता घाम पुसत उभा होतो. निंगप्पा मात्र तुझी हळद कालवून काट्याला, बाटल्यांना बोटं लावत चालला होता (पुडी मी त्यालाच देऊन टाकली होती). एका बाटलीच्या बुचाशी पाझरलेल्या थेंबावर बोट टेकलं आणि हळद लाल झाली. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “सायेब, ही सोड्याची हाय. हळदीच्या लुगड्याला सोडा लागला की असंच लाल हुतंय की.”

पुढे सगळं सुरळीत झालं. द्रावण कसोटीला उतरलं, मास्तरांनी हळदीची युक्ती माझीच समजून पाठ थोपटली आणि नोकरी कायम केली. मी वाकून त्यांचे आभार मानले. आक्का, तुझ्या पुडीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तुझा,
चन्नवीर

ता. क. चिठ्ठ्या निंगप्पामुळे गेल्या असं वर लिहिलंय, ते खरं नाही. बाटल्या धुवायला मीच सांगितलं होतं, आणि डिंक संपला म्हणून चिठ्ठ्या पिठाच्या खळीने चिकटवल्या होत्या त्याही मीच. तंबी माझी होती, ती त्याने निमूट ऐकून घेतली.

आणखी एक. निंगप्पा गुरुवारी अक्कलकोटला मठात दर्शनाला येतोय. त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस, आणि चन्नवीर तुझे उपकार मानतो असं सांग. त्याच्यासमोर माझी जीभ उचलत नाही. सोमवारी मी मास्तरांना खरं काय ते सांगणार आहे. गुरुवारी दोन पानं मांडून ठेव, एखादे वेळी ते अक्कलकोटचं तिकीट घेऊन मीही त्याच्याबरोबर असेन.