देवाच्या नावाची काबरी कोंबडी

ता. ४ ऑक्टो. १९५३, रवि.
आज पाळकसाहेब देवाच्या वचनांवर बोलले. बोलले म्हणजे थांबेचनात. विश्वास धरला की रोगी उठतो म्हणे. बाहेर पडताना मी विचारलं, साहेब, मिरजेला आमच्या मार्थाच्या शेजारच्या खाटेवरची बाई साऱ्या वॉर्डात जास्त प्रार्थना करायची. परवा तिचं मढं उचलून नेलं. तिचा विश्वास किती मापटी कमी भरला? साहेबांनी घड्याळ बघितलं.

मार्था माझी लेक. नर्स. दुसऱ्यांची खोकणारी माणसं सांभाळता सांभाळता स्वतःच क्षयानं खाटेवर. जाताना म्हणाली, आई, घरातलं लिहून ठेव, आल्यावर वाचीन. मला अक्षर येत नाही हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून मी बोलते, सून रिबका लिहिते. माझं 'हाय' ती 'आहे' करते. मास्तरीण आहे. करू दे.

८ ऑक्टो., गुरु.
बायबलबाई एस्तेर येऊन गेली. घरोघर शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, चहा प्यायचा, हे तिचं काम. रिबका म्हणते, मी पुढं नुसतं ए.बाई लिहिणार. लिही. शाई वाचेल.

ए.बाईकडं वचनांची पेटी असते. आत सुरळ्या केलेल्या चिठ्ठ्या. चिमट्यानं एक उचलायची, ती वाचणार, आपण डोळे पुसायचे. मी म्हटलं, बिंदू चौकात पोपटवाला बसतो त्याचं असंच आहे, तुझ्याकडं पिंजरा तेवढा नाही. आणि सगळं गोडच कसं गं निघतं? शास्त्रात देव एवढ्या जणांना बडवतो, त्यातली चिठ्ठी काय उंदरानं नेली?
"मावशी, देवाच्या वचनाची थट्टा करू नये."
"देवाची कुठं? तुझी करत्ये."
बिस्किटं मात्र बुडवून बुडवून खाल्ली.

१३ ऑक्टो.
काबरीचं लिहायचं राहिलं. आपल्या वस्तीत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एक पिल्लू देवाच्या नावाचं. पायात दोरा बांधायचा. हंगामाच्या सणाला ते देवळात न्यायचं, तिथं लिलाव होतो, पैसा मंडळीला. यंदा काबरीच्या पायात दोरा बांधताना मी पुटपुटले, मार्था घरी आली की देईन, आधी नाही. रिबकानं ऐकलं. तिच्या पोटात राहतंय होय? आज साहेब हजर.
"आजी, हा नवस झाला. आपल्यात नवस नसतो."
मी विचारलं, पुण्याला बदली व्हावी म्हणून तुम्ही उपास धरलावतासा, ते काय होतं?
"ती विनंती होती."
"माझी पण विनंतीच हाय साहेब. संगं कोंबडी हाय, एवढंच."
रिबकानं पदर तोंडाला लावला. हसली की लाजली, ते ती लिहिणार नाही.

२ नोव्हें.
योसेफ, म्हणजे माझा मुलगा, रिबकाचा नवरा, मिरजेला जाऊन आला. इंजेक्शनांनी भागेना. डॉक्टर बरगड्या काढणार, सणानंतरच्या गुरुवारी. टेबलावरून सगळेच उतरतात असं नाही, हे त्यानं सांगितलं नाही, पण जेवला नाही.

ए.बाई लगेच पेटी घेऊन. चिठ्ठी निघाली दीर्घ आयुष्याची. मी हसले. शास्त्रातली ती म्हातारी नाही का, पोर होणार म्हटल्यावर तंबूत हसली आणि वर म्हणते मी हसलेच नाही. मी तसली नाही. मी तोंडावर हसले.

त्यानंतर वस्तीतल्या चौघी येऊन गेल्या. विश्वास ठेवा म्हणाल्या. उंबऱ्याच्या बाहेरूनच. आमच्या पेल्यातलं पाणी कुणी घेतलं नाही. देवावर केवढा भरवसा, आणि आमच्या पेल्यावर नाही.

१५ नोव्हें., रवि.
रिबकाला घेऊन मिरजेला गेले होते. पोर वाळून... पुढचं नको लिहू.

मी तिला साहेब, ए.बाई, चौघी, सगळ्यांची नक्कल करून दाखवली. हसताना खोकली. मग म्हणाली, "आई, तुला बरं करीन असं देव मला कधी बोलला न्हाय. जवळ हाय म्हणाला. टेबलावर पण असंल. मला तेवढं बास हाय."
मला टोमणा सुचला नाही. वय झालं.
निघताना विचारलं तिनं, काबरी दिलीस का? म्हटलं, तू आल्यावर.
"म्हंजे देवाकडनं मला सोडवून घ्यायला कोंबडी धरून बसलीयास व्हय? त्याला काय कोंबडीची ददात हाय?"
गाडीत रिबका खिडकीतून बघत होती. मीही.

२२ नोव्हें., हंगामाचा सण
काबरी दिली. अट नाही, काही नाही. टोपलीत घातली, वेदीपुढं ठेवली, परत फिरले. देवाला म्हटलं, घे. माझं मागणं तुला माहीत आहे, पण हा त्याचा मोबदला नव्हे.

लिलाव दानिएलरावांनी पुकारला, ते देवळातल्या मंडळीचे वडील, म्हणजे पंच. भोपळ्यावर भांडणं झाली, तांदळाच्या पायलीवर दोघं उभे राहून ओरडले. काबरीवर कुणी तोंड उघडेना. क्षयाच्या घरची कोंबडी. आत्ताच हे सगळे 'भिऊ नको'चं गाणं छत उडेस्तोवर गात होते. थूः. रिबका म्हणते 'थूः' लिहीत नाहीत. लिही.

मग मागून ए.बाईनं बोली लावली. पुढं कुणी बोलेना. तर हिनं स्वतःच्याच बोलीवर बोली चढवली. दानिएलराव म्हणाले, बाई, तुमच्याविरुद्ध कुणी नाही. म्हणाली, म्हणून काय देवाच्या कोंबडीला हलक्यात घेऊ? परत चढवली. बायबलबाईला पगार तो किती. वेडी.

२४ नोव्हें.
काबरी परत आली. ए.बाईच्या घरून, दोन गल्ल्या ओलांडून, आपल्या डालग्यात. मागोमाग ए.बाई धापा टाकत.
"मावशी, खूण हाय ही! दिलेलं माघारी आलं. मार्था पण येणार. राहू दे हितंच. ती आली की रस्सा करून घालू."
"अट तू घातलीस की गं आता."
मी म्हटलं, कोंबडी डालग्यासाठी आलीय. तिच्याकडून देवाची खबर मला नको. दिली ती दिली.

काबरी तिच्या हातात देताना बघितलं, तिनं ती उराशी आवळून धरली. पेटी आणली नव्हती. वचनं वाटत फिरणारी ही बाई माझ्याहून जास्त भ्यालीय. चहा दिला. बिस्किटं मीच पुढं केली.

२६ नोव्हें., गुरु.
आज मार्थाचं आपरेशन. योसेफ तिकडं. संध्याकाळच्या गाडीनं येईल, तेव्हा कळेल.

साहेब सकाळी आले. बोलायला तोंड उघडलं, मी पाट सरकवला. बसून राहिले. बदली होऊ नये यांची, शिकताहेत.

काबरी पुन्हा आलीय. डालगं उघडंच ठेव म्हटलं. रिबका विचारते, का? ये-जा करू दे की तिला, त्यात 'का' कसलं आलं?

ए.बाई कोंबडी न्यायला आली ती दारातच बसलीय. दुपार गेली, एक वचन नाही तोंडात. शेवटी मीच म्हटलं, एस्तेर, ते देव जवळ असण्याचं वचन म्हण. चिठ्ठी नको, पाठ असेल तर म्हण.

रिबका, आज तिचं नाव पुरतं लिही.

म्हणताना एस्तेर दोनदा अडली. पुढचं मी म्हटलं. गाडी अजून यायची आहे.