पॉइंट टू-टूची किंमत

४ फेब्रु. ९६
चौकातल्या बंदूकवाल्याला रायफल दाखवली. नळीत डोकावलासुद्धा नाही. दस्त्यावर थाप मारून म्हणे, "बहनजी, पुरानी चीज है। छह हज़ार। एक होटलवाले को दीवार पर टाँगनी है।" भिंतीवर! माझी पॉइंट टू-टू! हिच्यावर मी मेडलं आणलीत. अठरा हजारांखाली एक पैसा नाही, असं सुनावून चहा न घेता उठले. आकडा हवेतला नाही. नळी आतून आरशासारखी, नेम धरायची मूळची साइट शाबूत. अशी दुसरी अख्ख्या बनारसात निघाली तर दाखवा.

५ फेब्रु.
विकायची मात्र नक्की. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय. परवाना माझ्या एकटीच्या नावावर. मी गेले की ठाण्याच्या मालखान्यात गंजत पडेल. ह्यांचा उभा जन्म वेदपाठशाळेत गेला, बंदुकीचं कुठलं टोक पुढे धरायचं तेही...

८ फेब्रु.
बंदूकवाल्याचा निरोप. अलाहाबादच्या एक कोचबाई रविवारी येणार. मुलींच्या टीमसाठी हवीय, चालवून बघणार. "चलाएगा कौन?" विचारतो. मी! आणखी कोण?

१० फेब्रु.
कपाळ माझं! भाजी घेऊन आले तर हे मोरीपाशी चिंच-मीठ घेऊन बसलेले. रायफलीची साइट काढून समईसारखी लख्ख घासलेली. "अगं, गिऱ्हाईक यायचं, काळीकुट्ट कशी दाखवायची?" डोळ्यावर चमक येऊ नये म्हणून ती काळी असते! पूजेची भांडी आणि ही, ह्यांना सगळं एकच. मी वाट्टेल ते बोलले. हे दुपारी न जेवताच झोपले. मग मलाच वाईट वाटलं.
संध्याकाळी डोकं चाललं. देवघरातला कापूर पेटवून धुरावर साइट धरली. छान काळी झाली, अंदाजाने परत बसवली. मॅचच्या आधी आम्ही हेच करायचो. हे एकेक वडी पुढे करत होते.

११ फेब्रु.
क्लबची रेंज. साइटच्या बारीक भोकातून बघितलं की मोतीबिंदूही शहाण्यासारखा वागतो. पाच गोळ्या. पाचही काळ्या गोलाबाहेर, खाली डावीकडे. बंदूकवाला हसला, "टेढ़ी हो गई है।" पण पाचही आठ आण्याच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळजवळ! मी तोंड उघडायच्या आत कोचबाई म्हणाल्या, "टेढ़ी नहीं, साइट खिसकी है। राइफ़ल तो कमाल की है।" साइट सरकवली, सहावी मधोमध. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.
मग बाई म्हणाल्या, "दीदी, दाम आप बताइए। जो कहेंगी, वही।"
आठवडाभर अठरा-अठरा करतेय. तोंडातून निघेना. चारचौघांत रडू फुटलं, शी! बुधवारी सांगते म्हटलं.

१४ फेब्रु.
अठरा लिहिले, खोडले. वीस लिहिले, लाज वाटली. बारा लिहिले, राग आला. मुलींच्या हातात जाणार, हेच तर हवं होतं. तो सहा म्हणाला तेव्हा भांडता तरी आलं. ह्या बाईंशी भांडायचं कशावरून? हे म्हणतात, "फुकट देऊन टाक." फुकट? मुळीच नाही!
खालून पीसीओवाला ओरडतोय, "चाची, इलाहाबाद से फ़ोन!" ह्यांनी चपला आणून समोर ठेवल्यात. आकडा अजून