फाटकाची राखण

२८ डिसेंबर

पोचले एकदाची. बोटीत तिघं ओकले, मी नाही. चाळीस वर्षं हेरिंग मासे चिरण्यात घालवलेल्या बाईला समुद्र काय घाबरवणार? धक्क्यावर माझा मुलगा लॅखलन घोडागाडी घेऊन उभा होता. दाढी एवढी वाढवलीय की कुणाची तरी शेळी उभी आहे समजून मी पुढे निघाले होते. हे त्याला सांगितल्यावर हसला. सून जाऊन सहा आठवडे झाले, तेव्हापासून हसला नसावा, कारण हसताना ओठ फुटून रक्त आलं.

घर चांगलंय. दोन खोल्या, हातभर जाडीच्या भिंती, लोखंडी चूल. मागे पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, विटांचा ढीग माझ्यापेक्षा उंच रचलाय, म्हणजे वसंतापर्यंत जळणाची ददात नाही. घर जमिनीच्या टोकाला आहे, तीन बाजूंना खाडीचं पाणी आणि चौथ्या बाजूला दफनभूमी. लॅखलन कबरी खणतो, त्या कामाबरोबर हे घर मिळतं. गावात जायची एकच पायवाट, ती दफनभूमीच्या फाटकावरून जाते. शेजार शांत आहे, मी म्हटलं. रोज पीठ उसनं मागायला तरी कुणी येणार नाही.

ही वही सुनेची. पहिल्या दोन पानांवर विणकामाचे टाके उतरवलेत, बाकी कोरी. कोरा कागद वाया घालवणं मला जमत नाही.

२ जानेवारी

नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला पेगी आली. ही गावातल्या मर्डो गिरणीवाल्याची बायको. आल्या आल्या माझ्या लापशीत बोट बुडवून चाखलं आणि मीठ कमी आहे म्हणाली. मी म्हटलं, बोट धुऊन आली असतीस तर अजून कमी लागलं असतं. तेव्हापासून आमचं जमलं.

काल रात्रीपासून कोरडा गारठा पडलाय. बादलीतलं पाणी तळापर्यंत घट्ट. आकाश धुऊन ठेवल्यासारखं निळं, ढगाचा पत्ता नाही. पेगी म्हणाली, बर्फ पडायला हवा. बर्फ म्हणजे जमिनीची गोधडी, तो पडला की गारठा मोडतो. असा उघडा गारठा माणसं खातो.

जाताना विचारत होती, फाटकाशी कोण उभं आहे म्हणून. मी पाहिलं तर एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता, लांब कोट, खांदे वाकलेले. कुणाची तरी वाट बघत असेल, मी म्हटलं. पेगी मात्र गवतातून लांबचा फेरा घेऊन गेली.

५ जानेवारी

मर्डो गेला. पेगीचा नवरा. सकाळी उठलाच नाही. त्याच दिवशी दुपारी डूगल कोळ्याची आईही गेली. ती ब्याण्णव वर्षांची होती, तिच्याबद्दल कुणी फार आश्चर्य करत नाहीये.

लॅखलन पहार घेऊन गेला नि तासाभराने परत आला. पहारीचं टोक वाकलं होतं. जमीन म्हणे लोखंड झालीय. दोन्ही शवपेट्या चर्चच्या मागच्या खोलीत ठेवल्यात. तिथं प्रेतं टिकतील, एवढा एक गारठ्याचा फायदा.

फाटकाशी तो माणूस अजून आहे. लॅखलनला विचारलं तर म्हणाला, कोण माणूस? आणि खिडकीकडे न बघता म्हणाला.

९ जानेवारी

चार दिवस झाले, लॅखलन फाटकाच्या आत जमिनीवर पीट पेटवतो. रात्रभर जळू द्यायचं, सकाळी निखारे सारायचे, वीतभर मऊ झालेली माती उकरायची, पुन्हा पेटवायचं. असं करत एक खड्डा कमरेएवढा झाला. मागचा ढीग माझ्या खांद्याखाली आलाय. दुसरा खड्डा काढला तर चुलीत माझे जोडे घालावे लागतील.

म्हणून आज पेगी आणि डूगल दोघांना बोलावलं, तुम्हीच ठरवा कुणाचा पहिला. मला वाटलं खड्ड्यासाठी भांडतील. भांडले, पण उलटं. पेगी म्हणते आधी डूगलची आई जाऊ दे, वयाचा मान आहे. डूगल म्हणतो छे छे, मर्डोकाका गावचा मोठा माणूस, आम्ही थांबतो. दोघांचं एवढं सौजन्य मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

मग कळलं. इकडे असं धरतात की शेवटी पुरलेला माणूस फाटकाची राखण करतो. त्याला झोप नाही, ऊब नाही, पुढचा मातीत जाईपर्यंत तिथंच उभं राहायचं. पुढचा गेला की हा सुटतो आणि तो उभा राहतो. एरवी आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न, लोक मरतच असतात. पण आज खड्डा एकच, आणि जमीन कधी सुटेल देव जाणे. जो आत्ता जाईल तो किती दिवस उभा राहील?

पेगी म्हणाली, "माझ्या मर्डोचे गुडघे दुखायचे गं. तो नाही उभा राहू शकत."

तर खड्डा तयार, मेलेली दोन आणि पुरायला कुणी नाही. बर्फ पडू दे, जमीन सुटू दे, मग दोघांना एकाच दिवशी नेऊ, असं ठरवून आपापल्या घरी गेले. पाद्रीबाबांकडे निरोप धाडला. त्यांनी कळवलं की हा सगळा अडाणीपणा आहे आणि ते स्वतः येऊन समजावतील, फक्त सध्या खोकला आहे.

११ जानेवारी

लॅखलन जेवत नाही. आज ताट त्याच्यासमोरून उचललं नाही, म्हटलं, बोलशील तेव्हा उचलीन. दुपारी बोलला.

सुनेची पेटी चर्चमधून आली त्या दिवशी अजून एक आली होती. एक फेरीवाला. सुया, फिती, चमचे पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणारा. वाटेत कोसळला. ओळखीचं कुणी नाही. त्याचं प्रेत आणणारी गाडी सकाळी दहालाच फाटकाशी पोचली होती. लॅखलनने फाटकाला कुलूप घातलं. चार तास त्याला पावसात बाहेर ठेवलं, दोनला सून आली, तिला आधी पुरलं आणि मगच त्याला. म्हणजे सून उभी राहिली ती अर्धा तास. आणि फेरीवाला तेव्हापासून उभाच आहे. त्यानंतर कुणी मातीत गेलंच नाही.

"तिला थंडी सोसायची नाही, आई," म्हणाला. 

 मी असते तरी कुलूप घातलंच असतं.

१४ जानेवारी

पायवाटेवर आणि गवतावरही पाण्याचा पापुद्रा गोठून काच झालीय. काल पेगी यायला निघाली आणि पडली, म्हणे मनगट मोडलं. आता कुणी येत नाही. आम्हीही जाऊ शकत नाही. फाटकावरून जावं लागतं.

तो वळलाय. आधी पाठ होती. परवा खांदा दिसला. आज अर्धा चेहरा. त्याला पाय हलवताना मी पाहिलं नाही, आणि मी काही कमी वेळ पाहत बसलेली नाही. थंडी एवढी की माझ्या तोंडातून वाफेचे लोट निघतात, कावळ्याच्या चोचीतूनसुद्धा वाफ निघते. त्याच्या निघत नाही.

सकाळी पश्चिमेला बोटभर ढग दिसला. दोघं दारात उभं राहून त्याच्याकडे बघत होतो. दुपारपर्यंत विरला.

१६ जानेवारी

आज तो पूर्ण आमच्याकडे तोंड करून आहे.

लॅखलन म्हणतो, मी जातो, त्याला सांगतो की जा, तुझ्या जागी मी उभा राहतो. चूक माझी आहे. मी म्हटलं, चूक तुझी असेल, पण पाय मी दिलेत, ते मला विचारल्याशिवाय कुठे जायचे नाहीत. त्याचे बूट घेतले आणि माझ्या गादीखाली घातले. दाराला कडी घातली, वर बाक लावला.

"आई, तो दोन महिने उभा आहे."

"उभा राहू दे. तू बस."

बसला. पण खिडकीकडे तोंड करून.

१७ जानेवारी

गाईला पाणी तापवून द्यायला गोठ्यात गेले. गोठ्याचं दार स्वयंपाकघरातूनच आहे, म्हणजे घराबाहेर पाऊलही पडलं नव्हतं. परत आले तर बाक सरकवलेला, कडी काढलेली. नुसते मोजे घालून गेला होता.

मी दारात उभी राहून नावानं हाका मारल्या. काचेवरून पुढे जाता येईना, दोनदा आपटले. दिवस मावळायच्या आधीचा उजेड होता, फाटकाशी दोन काळ्या आकृत्या दिसल्या, मग डोळ्यांत पाणी आलं आणि काही दिसलं नाही. दार लोटून घेतलं, गुडघा चोळत बसले.

अर्ध्या तासाने दार वाजलं. लॅखलनच होता. उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारलं, आत येऊ का.

स्वतःच्या घरात विचारतोस होय रे मूर्खा, मी म्हटलं. ये आत. ओढून घेतला, चुलीपाशी बसवला, कडी घातली. पाय नुसते दगड झालेत. पण आलाय. आलाय ना. बास.

आता खिडकीला पोतं लावलंय. मला बाहेर बघायचं नाही.

१८ जानेवारी

पाय तापेनात. दोन तास चोळले, माझे तळवे सोलले. दुखतं का विचारलं तर म्हणाला नाही. बसल्या जागेवरून मागे सरकत सरकत चुलीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात गेलाय.

लापशी तशीच. ताट आज मी उचललं.

त्याला विचारलं, काय झालं तिथं, काय बोललास. म्हणाला, बोलणं झालं. एवढंच.

१९ जानेवारी

सकाळी उठले तर जमिनीवर घोंगडी अंथरलेली. तिच्यावर घरातले सगळे चमचे, ओळीत. सुनेच्या फिती, गुंडाळून, रंगाप्रमाणे. माझ्या सुया, लहानापासून मोठ्यापर्यंत. तो मागे मांडी घालून बसलेला, माझ्याकडे बघत. काही हवंय का, असं बघतात तसं.

लॅखलनला जन्मात एक चमचा जागेवर ठेवता आला नाही.

त्याच्या तोंडासमोर आरशाची काच धरली. झोपला होता तेव्हा. काच कोरडी. पुसून परत धरली. कोरडी.

डोळे उघडेच होते.

२० जानेवारी, सकाळ

गोठ्यात झोपले, गाईला टेकून. आतून कडी घालायला गोठ्याला कडीच नाही. तो आत आला नाही. विचारल्याशिवाय येत नाही, असं वाटतं. दारापलीकडून विचारत होता. मी उत्तर दिलं नाही.

उजेड वेगळा आहे आज. भुरका. वाऱ्याचा आवाज बंद.

दुपार

बर्फ. पडतोय. मोठमोठे पुंजके, सावकाश. आम्ही सगळ्यांनी तीन आठवडे मागितला तो. गारठा मोडेल. जमीन सुटायला चार दिवस, लॅखलनच म्हणाला होता, चार दिवस —

स्वयंपाकघरात येऊन खिडकीचं पोतं काढलं. बर्फ बघायला.

फाटकाशी कुणीतरी उभं आहे. घराकडे तोंड. डोक्यावर, खांद्यांवर बर्फ साचलाय, झटकत नाही. पायात बूट नाहीत. नुसते मोजे.

दाढीवर बर्फ.

मीच कडी घातली. मीच. तो तीन दिवस बाहेर, आणि हा — मी ह्याचे पाय चोळत होते.

थोड्या वेळाने

खिडकी उघडून हाक मारली. त्यानं हात वर केला. एवढाच, छातीपर्यंत. जागा सोडता येत नाही. तोंडातून वाफ नाही. मी नीट पाहिलं, नाही.

कोपऱ्यातला म्हणतो, "खिडकी लावून घ्या, बाई. गारठा येतो."

बाई. माझा मुलगा मला बाई म्हणत नाही.

मी म्हटलं, माझा मुलगा परत कर. हा म्हणतो, लॅखलननं स्वतः जागा घेतली, राजीखुशीनं, आणि मला तुम्ही आत बोलावलंत. चार तास बाहेर ठेवलं होतं मला, पावसात. तुम्हीच पहिल्या, ये म्हणालात.

शांतपणे बोलतो. उद्धटपणा नाही. तेच नको वाटतं.

मी जाणार. दुसरा उपाय नाही. कुणीतरी उभं राहायचं तर मी राहते, मेलं गुडघ्यांचं काय, चाळीस वर्षं धक्क्यावर उभीच होते. जाऊन त्याला सांगते, सूट, घरी जा, चुलीशी बस —

घरी कुठे? घरात तर हा. मी तिथं उभी राहिले की माझा पोर इथं, ह्याच्याबरोबर, एकटा, आणि मला फाटक सोडता येणार नाही. बघत राहायचं फक्त. आणि हा बाहेर निघाला तर परत ह्याला कुणीतरी आत घेईल —

चार दिवस. जमीन सुटली की पेगी मर्डोला आणेल, मग लॅखलन आपोआप सुटेल — पण चार दिवस हा आत. आणि तिथं तो, मोज्यांवर —

बर्फ गुडघ्यापर्यंत आला. लॅखलनच्या. दिसतोय अजून. छातीपर्यंतचा हात तसाच.

हा उठला. आवाज न करता. माझी शाल दोन्ही हातांत पसरून धरलीय त्यानं, गिऱ्हाइकापुढे धरतात तशी. विचारतोय, बाई, तुम्ही निघालात का, की मीच जाऊन त्याला आत बोलावू —