बाबल्याने न पाहिलेला शेवट

मालवण, शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९६०

नेहमी येणाऱ्यांना वर्षाचा पास द्यावा, की तिकिटात सूट? आठवडाभर डोकं शिणवलं. माझ्या टॉकीजला अशी इमानी माणसं तरी किती? पहिला आठवला तो बाबल्या. रापणीवर मासेमारीची जाळी ओढणारा म्हातारा, सात वर्षं दर शुक्रवारी दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसतो. मध्यंतर झालं की ते टोक रिकामं. मला वाटायचं, पुढचं त्याला आवडत नसावं.

आज मध्यंतराला तो निघाला तेव्हा त्याला थांबवून पासाचं सांगितलं. हसला.

"पास घेवन काय करू, शेठ? पहाटे होडी लोटूची आसता, म्हणान अर्ध्यार उठतंय. तुमच्या एकाय शिनेमाचो शेवट मी बघूक नाय."

सात वर्षं! आणि मी सवलती कसल्या शोधत बसलोय? एकदा तरी विचारायला काय झालं होतं मला?

ते बाकाचं टोक डोळ्यांपुढून जात नाही.

पास राहू दे. पुढच्या शुक्रवारी हाच सिनेमा मध्यंतरापासून सुरू करायचा. बाकीच्यांनी खुशाल ओरडावं. त्यांना पहिला भाग नंतर दाखवीन.