उजव्या कानाखालची गाठ

सात्तुत, २ मार्च १९७८

चि. रेगिनेस, ताईचे अनेक आशीर्वाद.

आमच्या एस्तरला सहावा महिना लागलाय. बाईसाहेबांना वाकून बूटही घालता येत नाहीत, जावई घालून देतो. काय एकेकाचं नशीब!

तू नर्स झाल्यापासून तुला काही सांगायची सोय राहिली नाही. पण लेक म्हणाली, तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन. माझ्या उजव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर गाठ आलीये. दुखत नाही. जन्मभर बुटांची कातडी चावून मऊ केली, जबडा फुगणारच. आपल्या आईचाही तसाच होता. उगीच कावकाव करू नकोस.

आठवण ठेव.
तुझी बोलेटताई

न्यूक, २४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

कावकाव करणारच. आईचा जबडा मला आठवतो, दोन्हीकडे सारखा होता. चावून वाढलेला स्नायू दात आवळले की कडक होतो, सोडले की मऊ पडतो. आरशासमोर बस आणि बोट लावून बघ. आणि खरं सांग, त्या बाजूने तू कातडं चावतेस का? शहाणपणा शिकवते म्हण हवं तर, पण उत्तर धाड. कॉफी पाठवलीये. मला भीती वाटतेय, ताई.

लोभ आहेच, खरंही बोलावं ही विनंती.
तुझी रेगिने

सात्तुत, १६ एप्रिल

चि. रेगिनेस, आशीर्वाद.

बोट लावलं. दात आवळले काय नि सोडले काय, गाठ दगडासारखी तशीच. आणि उजवीकडे मला दाढाच नाहीत गं. पाच वर्षं झाली. कातडी एस्तरच चावते. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण आईसारखा जबडा म्हटलं की बरं वाटायचं, म्हणून म्हणत राहिले.

आता उजवा डोळा नीट मिटत नाही. जावयाने कुत्र्यांच्या बर्फगाडीवर घालून उमानाकच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी गाठीचा बारीकसा तुकडा काढून कोपनहेगनला धाडलाय.

रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
बोलेटताई

न्यूक, १९ मे

ती. ताईस, शि. सा. न.

निकाल आला. तुला आडवळणं आवडत नाहीत, म्हणून सरळ लिहिते. कॅन्सर आहे. लाळेच्या ग्रंथीचा, फार विरळा प्रकार. जगात क्वचितच दिसतो, आपल्या बर्फाळ मुलखातल्या लोकांत मात्र दिसतो. अशी गाठ कधी नाकामागूनही आलेली असते, म्हणून तिथेही तपासायचंय. इथले मोठे डॉक्टर म्हणतात, किरणांनी ही दबते, पण आणखी पसरायच्या आत गाठायला हवी. जुलैच्या आरंभी कोपनहेगनला जायचं. मी सोबत आहे.

नाही म्हणू नकोस, पाया पडते.
रेगिने

सात्तुत, २७ जून

चि. रेगिनेस, आशीर्वाद.

एस्तरला मुलगी झाली, गुटगुटीत आहे. मी येणार नव्हते. इथल्या माणसांत मेलेलं बरं, असं म्हणत होते. मग काय झालं ते ऐक.

माझ्या जाऊबाई अमालिया शरदात गेल्या. नात झाली, म्हणजे रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाचं, त्यांचंच नाव, आणि त्या नावातून त्याच परत आल्या, असं मी धरून चालले होते. पण पाद्रीबाबांनी नाव विचारलं, तर एस्तर म्हणाली, थोडं थांबा. दोन रविवार गेले. खोदून विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाली, आई, तुझं काही झालं, तर तुला परत यायला जागा नको का?

प्रेमानेच म्हणाली गं. पण लेक माझं नाव राखून बसलीये आणि बिननावाचं पोर पाळण्यातून माझ्याकडे बघतंय, हे पाहून मला लख्ख कळलं. मला मरायचं नाहीये, रेगिने. हे आजवर कुणाला बोलले नव्हते.

परवा चर्चमध्ये पोरीला मीच हातात घेतलं आणि एस्तरने तोंड उघडायच्या आत मोठ्याने म्हणाले, अमालिया. सगळे रडले, आलात का परत म्हणून पोरीचे मुके घेतले. एस्तर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

बोलेट हे नाव अजून मलाच लागतंय. पुढच्या बुधवारी निघते. हेलिकॉप्टर उतरेल तिथेच उभी राहा, मला फार भीती वाटतेय.

तुझीच,
बोलेट