कसलेल्या नटाला पुन्हा पाना

चाचा, तुम्हाला मराठी बोलता यायची, वाचता यायची नाही. कुणी मराठीतली चिठ्ठी आणली की ती तुम्ही माझ्यापुढं सरकवायचात आणि मी वाचून दाखवेपर्यंत हातातल्या चाकाकडं बघत बसायचात, जणू चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची आहे. म्हणजे हे मी तुम्ही असताना लिहिलं असतं, तरी वाचून मलाच दाखवावं लागलं असतं. मग बहुतेक लिहिलंच नसतं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. शहागंजातल्या तुमच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. शहराचं नावही बदललं. एसटीच्या पाटीवर नवं आहे, कंडक्टर तोंडानं दोन्ही घेतो.

मी अजून कंपनीतच आहे, पण रविवार सगळा सायकलींचा. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं एका बंद पिठाच्या गिरणीची खोली आम्हाला मिळाली आहे. सिडकोतल्या सोसायट्यांच्या जिन्याखाली सायकली धूळ खात पडलेल्या असतात. त्या मागून आणायच्या, तिनांतून दोन धड करायच्या आणि ज्यांना कामाला चालत जावं लागतं त्यांना सहा महिने वापरायला द्यायच्या. फुकट. सहा वर्षं हे चाललंय. ऐकायला चांगलं वाटतं, करायला कंटाळवाणं आहे. सायकल परत येते ती तारेनं बांधलेली, चेनमध्ये सिमेंट गेलेलं. नवे लोक हौसेनं येतात, दोन रविवार फोटो काढतात आणि तिसऱ्या रविवारी कुणाचं तरी लग्न असतं. उरतो आम्ही चारजण. माझी कंबर आता उकिडवं बसू देत नाही, लाकडी पाट घेऊन बसतो. थकलोय, चाचा. पण तो थकवा वेगळा. हे पत्र त्यासाठी नाही.

मी सगळ्यांना सांगतो की मला कुणी शिकवलं नाही, आणि ते खोटं नाही. तुम्ही कुठं शिकवलंत? विशीतला होतो, चिकलठाण्याला पॅकिंगला लागलो होतो, पाळी सुटली की तुमच्या दुकानाच्या फळीला टेकून उभा राहायचो. काही विचारलं की तुम्ही म्हणायचात, "देख लिया ना? अब घर जाके अपनी खोल." मी घरी जाऊन माझी सायकल खोलली. सात वेळा. पहिल्या तीन वेळा जोडता आली नाही. बेअरिंगचे छर्रे रुमालात बांधून, सायकल ओढत तुमच्याकडं आलो, आणि तुम्ही हसला नाहीत, नुसतं बघितलंत. चौथ्यांदा जोडली तेव्हाही नुसतं बघितलंत. मला ते पुरलं होतं.

एकदाच बोललात. दुपारची वेळ, तुम्ही नमाजाला गेला होतात. एका सायकलीची कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा आसाला पकडून ठेवणारी ती बोटाएवढी खुंटी, तुम्ही नुकतीच बसवली होती. मला वाटलं, नट थोडा सैल आहे. चाचांचं राहून गेलं असेल. मी पाना लावला आणि ताकदीनं पिळला. कट्ट आवाज आला, आटे गेले. तुम्ही आलात, पिन काढलीत, अंगठ्यानं आटे चाचपलेत. मला वाटलं, आता कानाखाली बसते. तुम्ही अगदी हळू म्हणालात, "पिन हथौडी से बैठती. नट खाली चौकीदार है, उसकू कित्ता पिळेगा?" मग थांबलात. "और मेरा कस्या हुआ तू फिर से कस्या. मतलब तू मेरे कू झूटा बोल्या." त्या दिवशी तुम्ही मला चहा दिला नाहीत. दुसऱ्या दिवशी दिलात.

गिरणीत आमच्याबरोबर नाना आहेत. होते म्हणावं की काय, ते ठरत नाही. निवृत्त पोस्टमन. फुलंब्रीच्या आसपासच्या गावांत तीस वर्षं सायकलीवर टपाल वाटलं. दर रविवारी पहिल्या एसटीनं यायचे, पायजम्याला क्लिपा लावूनच बसमधून उतरायचे, जणू सायकलीवरच आलेत. हात सावकाश, पण नेमका. मला मात्र कुणाचंच काम डोळ्याखालून घातल्याशिवाय चैन पडत नाही. मी जवळ गेलो की नाना बाकीच्यांना म्हणायचे, "सरका, इन्स्पेक्टर आले. सायकलीला ताप हाय का बघतेत." सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि तरी बोटानं प्रत्येक नट हलवून बघायचो. प्रत्येक सायकलीच्या दांडीला पुठ्ठ्याचं कार्ड असावं आणि ज्यानं जे काम केलं त्यापुढं त्यानं सही करावी, ही पद्धत माझीच. जबाबदारी कळली पाहिजे, असं मी म्हणायचो.

दिवाळीनंतर एक हिरवी लेडीज सायकल एका बाईंना दिली. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटतात. आठव्या दिवशी जालना रोडच्या कडेनं जाताना पायडलचा दांडा निसटला, पाय एकदम खाली गेला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. रविवारी गळ्यात हात अडकवून त्या गिरणीत आल्या. दिराकडून सायकल ढकलत आणली होती. मी तक्रार ऐकायच्या तयारीनं बसलो, आणि बाई म्हणतात, "दादा, मडगार्ड वाकलं हो. मला आवरलीच न्हाई."

मी कार्ड बघितलं. कॉटर पिन, पुढं नानांची सही, टपाल खात्यातली वळणदार. मी ते कार्ड सगळ्यांसमोर वर धरलं. नाना ग्रीसचे हात पुसत उभे राहिले. म्हणाले, "व्हय. सही माझीच हाय. ऱ्हाऊन गेलं असंल माझ्याकडनं." एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? मी म्हणालो, "नाना, तीस वर्षं सायकल चालवणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. लोकांचे हात मोडायला आपण इथं बसलेलो नाही." त्यांनी बाईंची माफी मागितली, त्यांना आणि दिराला रिक्षापर्यंत पोचवलं आणि दुपारच्याच एसटीनं गेले.

त्यानंतर ती सायकल मी दुरुस्तीला घेतली. नट रस्त्यात कुठंतरी पडला होता, पण पिन दांड्यातच अडकलेली. काढून उजेडात धरली. आटे फाटलेले, आत नवं पोलाद चमकत होतं. नट सैल राहून निघाला असता तर आटे शाबूत असते, चाचा. हे तुम्हाला सांगायला नको. आटे फाटतात ते नट पिळल्यावर. नाना कधीच पिळत नाहीत, त्यांची मनगटं तेवढी राहिलेली नाहीत. आणि मग मला सोमवारची सकाळ आठवली. सायकल द्यायच्या आधीच्या आठवड्यात, कामावर जाता जाता मी गिरणी उघडली होती. गेली सहा वर्षं दर सोमवारी उघडतो, कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांनी कसलेलं मी पुन्हा एकदा कसतो. त्या दिवशी घाईत होतो, मोठा पाना हातात होता. नट थोडा जास्त फिरला होता. फिरला तेव्हा हाताला कळलं होतं. मी म्हटलं, चांगला बसला.

कार्डावर माझ्या सोमवारच्या कामाला रकानाच नाही.

नाना तीन रविवार आले नाहीत. फोन केला की त्यांच्या पत्नी, मावशी, उचलायच्या, ते शेतात गेलेत म्हणायच्या. शेवटी गेल्या गुरुवारी रजा टाकून फुलंब्रीला गेलो. बसमध्ये वाक्य तयार केलं होतं : नाना, पिन तुम्ही नीट बसवली होती, ती मी बिघडवली. तेवढंच. त्यांच्या स्वयंपाकघरात मला बसायला पोतं अंथरलं, बाहेरच्या खोलीत हरभऱ्याची डाळ वाळत घातली होती म्हणून. नाना चुलीजवळ लसूण सोलत बसलेत. मावशी चहा गाळता गाळता सांगतात, "ह्यांनी त्यांची सायकल पुतण्याला देऊन टाकली. डेअरीला बी आता पायीच जातेत." नाना मान वर करत नाहीत. "हाताचा भरवसा ऱ्हायला न्हाई आता," ते म्हणतात. "त्या बाईचं प्लास्टर निघालं का हो?" मी सांगतो, अजून पंधरा दिवस. ते पुन्हा लसणाकडं वळतात. एकेक पाकळी उजेडाकडं धरून बघतात, साल राहिलं का म्हणून. आधी असं करत असतील का, मला ठाऊक नाही.

मी म्हणालो, झालं गेलं सोडा, रविवारी या. ते बरं म्हणाले, पण ते येणार नाहीत हे मला तिथंच कळलं.

हे पत्र वहीतच राहणार. नानांचा पत्ता मला पाठ आहे. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची पत्रं उन्हातान्हात पोचवली, त्याच्या दारात एक पत्र पडायला अवघड ते काय? तरी मी ते लिहीत नाही, तुम्हाला लिहितोय. तुम्ही उलट विचारणार नाही म्हणून. नानांनी विचारलं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला, उठायला लागलो, तेव्हा त्यांनी सोललेला लसूण वाटीत सरकवला आणि लाजत लाजत म्हणाले, "साहेब, एक विचारू? तुमच्या हातनं कधी झालंय का असं? कुनाला लागलंय का?"

मी म्हणालो, "नाही." त्यांनी लगेच मान डोलावली, त्यांना तसंच वाटलं होतं.