आत्याच्या पुस्तकातली जास्तीची ओळ

बाबा, येत्या रविवारी उपासना संपली की मला शास्त्रातलं तुमच्या हातानं लिहिलेलं पान मंडळीसमोर मोठ्यानं वाचायचं आहे, आणि गेल्या रविवारपासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही. जळोचीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहिते आहे. कुकरच्या शिट्ट्यांकडं लक्ष ठेवून बसले होते, त्या किती झाल्या तेच विसरले. वरणाचा लगदा झाला असणार. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी काही चुकलं की आधी तुमचा चष्मा आठवतो, नाकाच्या शेंड्यावर आलेला, आणि त्याच्यावरून बघणारे ते डोळे. साठी उलटलेल्या बाईनं मेलेल्या बापाला घाबरावं हे हसण्यासारखंच आहे. हसा हवं तर.

आधी इथलं सांगते. आपली लासुर्ण्याकडची ख्रिस्ती मंडळी अजून तेवढीच आहे, पंचवीस-तीस घरं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा बारामतीहून येतात, बाकीचे रविवार आमचे आम्हीच चालवतो. तुमच्यानंतर शास्त्रवाचन माझ्याकडं आलं, कारण गुरुजींची मुलगी. मी एवढी वर्षं शाळेत शिकवलं, त्याचं कुणाला काही नाही, गुरुजींची मुलगी एवढंच पुरतं. आणि तुम्ही घालून दिलेला नियमही तसाच आहे. दोन घरांत वाद झाला, एकानं एक छपाई दाखवली, दुसऱ्यानं दुसरी, तेव्हा तुम्ही म्हणाला होता की ज्याच्या त्याच्या घरातलं पुस्तक ज्याला त्याला लखलाभ, मंडळीचा निवाडा वेदीवरच्या शास्त्रातून होईल. तो नियम तेव्हा शहाणपणाचा होता. भांडणं थांबली. आजही कुठलं भांडण पंचांपुढं आलं की ते जाड, तांबड्या पुठ्ठ्याचं शास्त्र उघडलं जातं, नेमका अध्याय वाचला जातो, आणि त्यावर कुणी ब्र काढत नाही.

आता एक मुलगी पंचांपुढं आली आहे. बारामतीत एका दवाखान्यात नर्स आहे, लहानपणी संडे स्कूलमध्ये माझ्याच हाताखाली होती. तिच्या नवऱ्यानं माझा तुमच्या देवाशी काही संबंध नाही असं सांगून मंडळी सोडली, मग हिलाही सोडलं, आणि दुसरीकडं संसार थाटला. कोर्टाचा कागद झाला. इंदापूरचा एक शिक्षक तिच्याशी लग्नाला तयार आहे, आपल्यातलाच आहे, फक्त लग्न मंडळीत व्हावं एवढंच दोघांचं म्हणणं. पाळकसाहेबांनी चेंडू पंचांकडं ढकलला. गेल्या रविवारी बैठकीत त्या मुलीनं मोबाईलवर लग्नाबद्दलचा तो अध्याय काढून दाखवला. त्यात ओळ आहे, की विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर जाऊ द्यावं, मागं राहिलेलं माणूस अशा वेळी बांधलेलं नाही. आमचे तात्या, म्हणजे पंचांतले सगळ्यांत थोरले, तुमच्याच हाताखाली शिकलेले, त्यांनी तो मोबाईल हातातसुद्धा घेतला नाही.

"मोबाईलवर काय बी येतं. आजकालच्या छपाईत बी कोण काय घालंल त्याचा नेम न्हाय," तात्या म्हणाले. "वेदीवरल्या शास्त्रात ती ओळ न्हाय, मला पाठ हाय. अन् ते पान गुरुजींनी सोता लिवलंय. गुरुजी काना-मात्रा हिकडचा तिकडं करणारा माणूस नव्हता."

मग ठरलं की पुढच्या रविवारी मी तो अध्याय वेदीवरून वाचायचा आणि जे निघेल त्यावर निकाल. बाहेर चपला घालताना ती मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, तुमी वाचणार ना, मग मला भ्या न्हाय." बाबा, मी तिच्याकडं न बघता चपलेचा बंद लावत बसले.

कारण ते पान कसं झालं ते मला माहीत आहे. मी दहा-अकरा वर्षांची असेन. वेदीखालच्या पेटीत वाळवी शिरली आणि शास्त्राची मागची बाजू तिनं खाल्ली. तुम्ही ते गाठोड्यात बांधून घरी आणलं. आईचा दमा वाढलेला, ती भिंतीला टेकून बसलेली, आणि चुलीपुढं आत्या. आत्या मैद्याची खळ शिजवते आहे, तिच्यात मोरचूद टाकते आहे म्हणजे पुन्हा कीड लागणार नाही, आणि भाजीचं पातेलं त्या निळ्या विषानं बाटवलं म्हणून आई खोकत खोकत कुरकुर करते आहे. तुम्ही पाटावर कागद कापताय. जी पानं अर्धी गेली होती तिथं कोरा कागद चिकटवून तुम्ही टाकानं, छापल्यासारख्या अक्षरात, गेलेला मजकूर लिहून काढलात. उतरवून घ्यायला पुस्तक आत्याचंच घेतलंत, तिला मिशनच्या दवाखान्यात मिळालेला छोटा नवा करार. आत्याचं लग्न होऊन दोन वर्षांत मोडलं होतं. तिच्या नवऱ्यानंही आधी देव सोडला आणि मग बायको. ती आपल्याकडं आली आणि राहिली. मी तुमच्या शेजारी बसून शाई वाळवायला फुंकर मारत होते, आणि शास्त्राच्या पानावर थुंकी उडवू नकोस म्हणून तुमची टपली खाल्ली. ती टपली मला अजून गोड वाटते.

नाताळच्या आधी शेळगावचा सुतार मंडळीचे बाक घेऊन आला. विधुर होता, मूलबाळ नव्हतं, कमी बोलायचा. बाक ठोकायला चार दिवस आला आणि पाचव्या दिवशी त्यानं माणसाकरवी आत्यासाठी शब्द टाकला. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, आपण कोण ठरवणारे, शास्त्र काय म्हणतं ते बघू. पंच बसले, तुम्ही वेदीवर उभं राहून तो अध्याय वाचलात, आणि त्यात आत्याला सोडवणारं काही निघालं नाही. सुतारानं मान खाली घालून ऐकून घेतलं. नव्या बाकाला रंधा नीट लागला नव्हता तिथं तो अंगठा फिरवत बसला होता, ते मला दिसत होतं.

त्यानंतर आठवड्याभरानं आत्या भाकऱ्या थापत होती. तुम्ही दारातून आत आलात. ती मान वर न करता म्हणाली, "दादा, माझ्या पुस्तकात एक ओळ जास्ती हाय. चौदा अन् सोळाच्या मधी." तुम्ही तांब्या हातात धरून उभे राहिलात. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला. मग म्हणालात, "वेदीवरलं शास्त्र मोठं का तुझ्या पिशवीतलं? भाकरीकडं बघ, करपती हाय." आत्यानं भाकरी उलटली. त्या घरात ही गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही इंदापूरहून तिच्यासाठी शिलाई मशीन आणलंत, डोक्यावर घेऊन, घामाघूम होऊन, आणि आई म्हणाली, न मागता कशाला. आत्यानं त्यावर पहिलं काही शिवलं असेल तर वेदीचं कापड.

मी तुम्हाला चोर म्हणत नाही, बाबा. उतरवून घेताना नजर चुकली असेल, ओळीवरून ओळीवर घसरली असेल, शाळेत फळ्यावरून उतरवताना मुलं करतात तेच. तुम्हाला लपवायचंच असतं तर तुम्ही आकडे बदलले असते. तुम्ही चौदा लिहिलंत आणि त्याच्याखाली सोळा लिहिलंत, ते आजही तसंच आहे, आणि वाचणारा आकडे मोठ्यानं वाचत नाही म्हणून कुणाला कळलं नाही. पण आत्यानं भाकरी थापता थापता सांगितलं त्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक होतं. चूक नजरेची होती, पुढची सगळी वर्षं मात्र नजरेची नव्हती. त्या अध्यायाची पाळी आली की तुमचा घसा बसायचा आणि वाचायला दुसरं कुणीतरी उभं राहायचं, हे मी मोठी झाल्यावर जोडून बघितलं. वेदीवर चढून, माझं चुकलं, तिथं एक ओळ राहिली, एवढं म्हणायला तुम्हाला किती वेळ लागला असता? शास्त्र माणसापेक्षा मोठं, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत. मग गुरुजींची अब्रू शास्त्रापेक्षा मोठी कधी झाली? की आत्या गेली तर आईचा दमा, माझी वेणीफणी, चूल कोण बघेल, ही धास्ती होती? हे विचारताना मला राग येतो आणि पाठोपाठ रडू येतं, त्यामुळं धड रागावताही येत नाही.

एक वाट अशी आहे की रविवारी वाचता वाचता ती ओळ मी मनानंच घालायची. पाठ आहे मला. पान कोण बघतंय? मुलीचं लग्न होईल, तात्यांना वाटेल आपली आठवण चुकली, आणि तुमची झाकली मूठ झाकलेली राहील. दोन दिवस मी हाच बेत पक्का केला होता. मग काल आरशासमोर म्हणून बघितलं आणि लाज वाटली. पानात नाही ते पानात आहे असं वाचायचं, भले ते खरं का असेना. मग पानात हवं ते गाळणाऱ्यात आणि माझ्यात फरक तो काय? तात्या उठून पान बघायला आले तर संपलंच. म्हणून आत्या गेल्यापासून ट्रंकेत असलेलं तिचं छोटं पुस्तक काढून पर्समध्ये ठेवलं आहे. वेदीवर दोन्ही शेजारी उघडून ठेवायची आणि तात्यांनाच म्हणायचं, या, बोट ठेवून बघा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण वाचायचं तर तसंच. 

आता जे राहिलं ते लिहिते, म्हणजे लिहायला बसले त्याचं सार्थक होईल. भीती तुमच्या नावाची आहे असं मी सोमवारपासून स्वतःला सांगते आहे. ते खरं नाही. दोन्ही पुस्तकं बघून झाली की तात्या मान वर करून एकच प्रश्न विचारतील, "बाई, तुला हे कवा कळलं?" मला त्याची भीती आहे.

आई गेल्यावर आत्या माझ्याकडं जळोचीला आली, माझी दोन्ही मुलं लहान होती, आठवतं? त्याच वर्षी तुम्ही मला पहिल्यांदा वेदीवर वाचायला उभं केलंत आणि नेमका तोच अध्याय दिलात. घरी सात वेळा वाचून मगच वेदीवर चढायचं ही तुमची शिस्त, म्हणून मी आत्याच्या पुस्तकातून सात वेळा वाचलं. वेदीवर चौदा संपलं आणि पुढची तोंडात आलेली ओळ पानावर नव्हतीच. लहानपणी कानावर पडलेलं आत्याचं वाक्य मला त्या क्षणी समजलं. मी थांबले. तुम्ही पहिल्या बाकावर होता, चष्मा काढून हातात घेतलेला. शेवटच्या बाकावर सुतार होता, केस पिकलेले, अजून एकटाच. बायकांच्या बाजूला आत्या. तुम्ही माझ्याकडं बघत होता आणि तुमची नजर दटावणारी नव्हती. ती नजर मी तीस वर्षं उलटीपालटी करून बघते आहे. मी तिथंच अडून राहावं असं तुम्हाला हवं होतं का, बाबा? जे तुमच्यानं झालं नाही ते माझ्याकडून व्हावं म्हणून तो अध्याय मला दिलात का?

मी सोळावं वाचलं आणि पुढं गेले. परतताना एसटीत आत्यानं विचारलं, "चौदाच्या म्होरं का गं थांबलीस?" मी म्हणाले, घशात काहीतरी अडकलं. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि धाकट्याला माझ्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं. तेव्हाच मंडळीला सांगितलं असतं तर? ती सत्तेचाळीसची होती, आणि सुतार त्यानंतर नऊ वर्षं जगला.

हे पत्र तिच्या पुस्तकात, त्याच पानावर ठेवते आहे. तुमच्यापर्यंत ते कसं जायचं, आणि मला तरी ते पाठवायचं कुठं होतं? तुमची अब्रू मी कधीच सांभाळत नव्हते, बाबा. त्या वाचनाच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता, मला शाळा होती, आणि मुलांना सांभाळायला घरात आत्या लागत होती.